शिराळ्याच्या भिंती वाचताना

गेल्या वर्षी वक्फ मिळकतींची माहिती ऑनलाइन भरायची वेळ आली, तेव्हा आमच्या जमातीचे चार जण कागदांची पिशवी घेऊन माझ्या घरी आले. "सर, तुम्हाला उर्दू येतं, मराठी येतं, कॉम्प्युटरही येतो. तुम्हीच भरा." पिशवीत उतारा होता, घरपट्टीच्या पावत्या होत्या, लाइटबिलं होती. एकेक माहिती भरत गेलो आणि एका साध्या प्रश्नापाशी अडकलो. मशीद कधी बांधली?

चौघांपैकी तिघांनी तीन उत्तरं दिली. एक म्हणाले, आदिलशाहीतली आहे. दुसरे म्हणाले, शाहू छत्रपतींच्या वेळची, सनद होती म्हणे. तिसऱ्यांच्या मते ती त्यांच्या पणजोबांनी बांधली. चौथे चाचा पंच्याहत्तरीचे. ते इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "मेहराबच्या वर दगड होता की रे. त्याच्यावर लिहिलेलं होतं. टाइल्स बसवल्या तेव्हा तूच होतास ना?"

होतो. नुसता होतो असं नाही, वर्गणी गोळा करणाऱ्यांत मीच पुढे होतो. बी.एड. होऊन नोकरी लागलेली, अंगात उत्साह. जुनी मशीद ओल धरायची, भिंतीचा चुना कपड्यांना लागायचा. आम्ही आत छातीपर्यंत आणि किबल्याच्या भिंतीला वरपर्यंत चकचकीत टाइल्स बसवल्या. मेहराबवरचा तो दगड ऑइलपेंटच्या थरांखाली इतका बुजला होता की अक्षरं चाचपूनच कळायची. गवंड्याने विचारलं, "हा काढायचा का ठेवायचा?" कोणीतरी म्हणालं, "राहू दे, वरून टाइल लावा." मी उर्दूचा शिक्षक. ती लिपी वाचता येणारा त्या दिवशी तिथे मी एकटाच होतो. माझ्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाइल होता. मी फोटोसुद्धा काढला नाही.

गावाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण ही गोष्ट शिराळा तालुक्यातल्याच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावची असू शकते. पण त्या दिवसापासून मी जुन्या भिंतींकडे बघायला लागलो. बाजाराला, तहसीलला, एसटी बदलायला आपण ज्या गावात वर्षानुवर्षं जातो, ते गाव आपण बघत नसतो. मी शिराळा बघायला सुरुवात केली. पुढे नववीच्या मुलांना 'आपल्या परिसरातील जुन्या वास्तू' हा प्रकल्प दिला आणि त्यांनाही बरोबर घेतलं.

भुईकोट आणि त्याचे शब्द

शिराळ्याला बाहेरची माणसं नागपंचमीमुळे ओळखतात. बत्तीस शिराळा हे नाव भोवतालच्या बत्तीस गावांवरून पडलं असं सांगतात. मोरणा नदी गावाजवळून वाहते आणि पुढे वारणेला मिळते. आज जिल्हा सांगली. पण १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा होईपर्यंत हा सगळा भाग साताऱ्यात होता, आणि त्या दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. त्यामुळे इथल्या कुठल्याही वास्तूचा जुना कागद शोधायचा तर साताऱ्याच्या नावाखाली शोधावा लागतो. आपल्या इतिहासाचा पत्ताच बदललेला आहे, हे आधी ध्यानात घ्यावं लागतं.

गावात भुईकोट आहे. डोंगरी किल्ल्याला निम्मं संरक्षण कडा देतो. भुईकोटाला सगळं माणसानेच करावं लागतं. तट उभारायचा, बुरूज बांधायचे, भोवती खंदक खणायचा. असा कोट परगण्याच्या कारभारासाठी असतो. वसूल ठेवायचा, धान्य साठवायचं, शिबंदी राखायची, घाटवाटेवर नजर ठेवायची. शिराळ्याच्या कोटाचे आता अवशेष उरले आहेत, पण बुरुजापाशी उभं राहिलं की मापाचा अंदाज येतो.

तिथे मी मुलांना एक काम दिलं. जे दिसेल त्याचं नाव सांगायचं, मी फळ्यासारखं कागदावर लिहिणार. मुलं म्हणत गेली: किल्ला, बुरूज, तट, दरवाजा, खंदक, दगड, माती, कमान, वेस. मग आम्ही शब्दांच्या दोन रांगा केल्या. किल्ला, बुरूज, खंदक हे अरबीतून आले. दरवाजा आणि कमान फारसीतून. तट, दगड, माती, वेस इथलेच. खंदक म्हटल्यावर आमच्या मुस्लिम मुलांना लगेच मदिना आठवते. हिजरी ५ मध्ये मदिनेच्या बचावासाठी खंदक खणण्याची युक्ती हजरत सलमान फारसी यांनी सुचवली होती, हे त्यांनी मदरशात ऐकलेलं असतं. तोच शब्द शिराळ्यात मराठी होऊन बसला आहे.

एका मुलाने विचारलं, "सर, म्हणजे हा किल्ला मुसलमानांचा?" मी म्हटलं, "तुझ्या घराला दरवाजा आहे का?" म्हणाला, "आहे." "मग तुझं घर इराणचं का?" मुलं हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हता. आजकाल कुठलीही जुनी भिंत दिसली की पहिला प्रश्न हाच असतो, ही कुणाची. ती कशाची आहे, कशी उभी राहिली, इतकी वर्षं का टिकली, हे कुणी विचारत नाही.

या कोटाशी शिराळ्याची एक मोठी आठवण जोडलेली आहे. १६८९ च्या फेब्रुवारीत मुकर्रबखानाने संगमेश्वरला छत्रपती संभाजी महाराजांना पकडलं. तिथून त्यांना घाट चढवून बहादूरगडाकडे नेत असताना शिराळ्याच्या कोटात मुक्काम पडला आणि इथल्या माणसांनी त्यांना सोडवण्याचा प्रयत्न केला, अशी इथली परंपरा सांगते. ज्योत्याजी केसरकर, तुळाजी देशमुख, अप्पाशास्त्री दीक्षित ही नावं त्यात आदराने घेतली जातात. प्रयत्न फसला, पण गाव तो विसरलं नाही.

ही हकीकत सांगताना वर्गातली दोन-तीन मुस्लिम मुलं खाली बघायला लागतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्यांना मी एवढंच सांगतो: मुकर्रबखान तुझा चुलता नव्हता. तो औरंगजेबाचा सरदार होता आणि हुकूम बजावत होता. तुझे चुलते याच खोऱ्यात भात लावत होते, चुना मळत होते, हत्यारांना धार लावत होते, मुलाण्याचं बलुतं घेत होते. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ मध्ये आलं. त्यात आणि गावोगावच्या जुन्या याद्यांत बलुतेदारांमध्ये मुलाणी आहे. गावगाड्यातली ही जागा आपली. ती दरबारातली नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

चुन्याचं शतक

कोटाकडून आम्ही मारुतीच्या देवळाकडे गेलो. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे. स्थापनेचं साल शके १५७६ सांगतात, म्हणजे इसवी सन १६५४. मूर्ती सुमारे सात फुटांची. देवळाच्या दोन्ही बाजूंना झरोके असे ठेवले आहेत की सूर्य उगवताना आणि मावळताना उजेड मूर्तीच्या चेहऱ्यावर पडतो, असं पुजारी आणि गावकरी कौतुकाने सांगतात. याच अकरांपैकी कराडजवळच्या शहापूरच्या मारुतीला तर लोक चुन्याचा मारुतीच म्हणतात.

मला इथे १६५४ हे साल महत्त्वाचं वाटतं. त्या वेळी हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता आणि तख्तावर मुहम्मद आदिलशाह होता. त्याच्या कारकिर्दीत, शिराळ्यापासून सुमारे दोनशे किलोमीटरांवर, विजापुरात गोल घुमट उभा राहत होता. आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट, मध्ये एकही खांब नाही. विटा आणि चुना यांच्या जोरावर तो आजही उभा आहे. एकीकडे राजधानीत बादशहाची कबर, दुसरीकडे मोरणेकाठच्या गावात मारुतीचं छोटं देऊळ. माणसं वेगळी, श्रद्धा वेगळ्या. पण एकच राज्य, एकच काळ आणि बांधणीतही एकच माल, चुना.

हा चुना काय असतो, ते आता आपल्या मुलांना पानाच्या डबीतच ठाऊक आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी ओतलं की तो उकळल्यासारखा फसफसतो आणि विरतो. हा विरलेला चुना दिवसेंदिवस पाण्यात मुरू द्यायचा. मग वाळू घालून घाणीत मळायचा. चुन्याची घाणी म्हणजे जमिनीतला गोल दगडी पन्हळ आणि त्यात बैलाने ओढलेलं दगडी चाक. काही जुन्या किल्ल्यांत आणि देवळांच्या आवारात ते चाक अजून पडलेलं दिसतं. मळताना गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर, कधी तागाचे तंतू घालत. भिंतीत बसलेला हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा दगड होतो. म्हणजे दगड जाळून त्याची लोण्यासारखी मऊ माती करायची आणि भिंतीत तिचा परत दगड होऊ द्यायचा. याला वर्षं लागतात. म्हणून जुन्या बांधकामाचं वय वाढतं तशी त्याची पकडही वाढते.

आणखी एक गुण. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. आमच्या मशिदीच्या भिंतीचा चुना कपड्यांना लागायचा, कारण ती भिंत श्वास घेत होती. आम्ही तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि टाइल्स चढवून तिचं नाक दाबलं. आता ओल आतल्या आत वर चढते आणि टाइल्सच्या वर, जिथे त्या संपतात तिथे, रंगाचे पापुद्रे निघतात. दर रमजानच्या आधी आम्ही रंग काढतो. दर पावसाळ्यानंतर तो परत फुगतो.

उंबरा आपला, दरवाजा फारसी

वास्तू म्हटलं की आपल्याला किल्ला आणि देऊळ आठवतं. पण गाव म्हणजे मुख्यतः घरं. मुलांना मी आपापल्या जुन्या घरांचे भाग लिहून आणायला सांगितले. उंबरा, जोतं, ओसरी, पडवी, माजघर, परसू, कोनाडा, तुळई, आढं, वासे हे इथले शब्द. दिवाणखाना, दालन, फरशी, हौद, मजला, महिरप, नक्षी हे फारसी-अरबीतून आलेले. गिलावा फारसी. गच म्हणजे फारसीत चुन्याचा गिलावा, म्हणून आपली चुनेगच्ची. मिस्त्री हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. सोपा हा शब्द अरबी 'सुफ्फा'शी जोडला जातो. सुफ्फा म्हणजे मस्जिद-ए-नबवीजवळचा तो छायेचा ओटा, जिथे गरीब सहाबा राहत आणि शिकत. तोच शब्द फिरत फिरत युरोपात गेला आणि सोफा झाला. आमच्याकडे सोप्यावर आजोबा बसत, आता तिथेच सोफासेट ठेवलेला असतो. एका मुलीने हे ऐकून घरी जाऊन आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "म्हंजे आमी मूळ जागेवरच बसतोय की."

घराचं छप्पर मात्र भाषेपेक्षा पावसाचं ऐकतं. सांगली जिल्हा पूर्व-पश्चिम प्रवास केला तर छपरंच सगळा भूगोल सांगतात. पूर्वेला जत, आटपाडीकडे पाऊस कमी, तिथे जुनी घरं मातीच्या सपाट धाब्याची. पश्चिमेला शिराळ्याकडे, चांदोलीच्या बाजूला सरकलं की पाऊस वाढत जातो आणि छप्पर उतरतं होतं. आधी गवत, मग नळीची कौलं, नंतर मंगलोरी. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला आणि पुढे ती कौलं पश्चिम किनाऱ्यापासून घाटावरच्या गावांपर्यंत पोचली. भिंतीला काळा दगड, नाहीतर पांढरी माती. गावाच्या वस्तीलाच आपण पांढरी म्हणतो आणि शेताला काळी. देऊळ असो, मशीद असो की मांगवाड्यातलं खोपट, जोत्याचा दगड आणि भिंतीची माती एकाच शिवारातली असते.

ही जुनी घरं आपण नुसती हौसेने पाडली असंही नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमचा तालुका पाटणला लागूनच. माझी दादी सांगायची की त्यानंतर कित्येक रात्री लोक खळ्यात झोपले आणि दगडमातीच्या भिंतीची भीती मनात बसली ती बसलीच. मग २०१९ आणि २०२१ च्या पुरांत वारणाकाठच्या मातीच्या भिंती विरघळल्या. ज्याचं घर पडलं त्याला मी चुन्याचं कौतुक सांगायला जाणार नाही. त्याला स्लॅब हवा, आणि तो त्याचा हक्क आहे. पण जे पडलं नव्हतं, आणि ज्याला कुणी राहायलाही मागत नव्हतं, ते आपण का बुजवलं? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो.

मनोरे, घुमट आणि कागदाचे ताबूत

आपल्या भागातली मोठी जुनी मशीद पाहायची तर कराडला जावं. पहिल्या अली आदिलशाहाच्या काळातली ही मशीद. तिचे दोन उंच मनोरे शंभर फुटांच्या वर जातात, आणि तिथे अरबी लेख कोरलेले आहेत. ते वाचून नोंदले गेले, म्हणून तिच्या काळाबद्दल आज वाद नाही. लेख असला की वादाला जागा कमी राहते. आमच्या चाचांना हे कुठल्याही पुस्तकाशिवाय कळत होतं.

खेड्यातली मशीद मात्र कराडसारखी नसते. साधी असते. दगडी जोतं, पुढे तीन कमानी, आत दहा-वीस माणसांची सफ, कोपऱ्यांना हातभर मनोरे, वजूला हौद नाहीतर रांजण. अनेक गावांत अशा मशिदींना, पीरांना आणि देवळांना दिवाबत्तीसाठी जमिनी इनाम होत्या. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी झाली आणि ज्यांचे कागद टिकले त्यांची देवस्थान इनामं वर्ग ३ म्हणून सरकारी दप्तरात आली. मुजावर आणि गुरव त्या दप्तरात शेजारी-शेजारी आहेत.

आणि बांधणारे हात? देवळाचा आणि मशिदीचा गवंडी वेगळा असतो हा आताचा समज आहे. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीचं विश्वेश्वर मंदिर श्रीपतराव पंत प्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलं. वाईचा ढोल्या गणपती रास्त्यांनी १७६२ मध्ये. त्या शतकातली देवळं नीट पाहा. कमानी दिसतात, घुमट दिसतात, चुन्यातली नक्षी दिसते. आदिलशाहीच्या दोनशे वर्षांत कारागिरांनी कमान आणि घुमट आपलेसे केले होते. स्वराज्य आलं, पेशवाई आली, म्हणून त्यांनी हाताला लागलेली विद्या टाकून दिली नाही. ते बांधून घेणाऱ्यांनीही त्यांना तसं सांगितलं नाही.

एक वास्तू तर दरवर्षी उभी राहते आणि दरवर्षी जाते. आपल्याच जिल्ह्यात कडेगावचे मोहरमचे ताबूत. बांबू, कागद आणि दोऱ्यांचे, शंभर फुटांहून उंच. ते आधी कळस मग पाया या क्रमाने बांधतात. ते बांधण्यात आणि उचलण्यात हिंदू-मुसलमान दोघांचे मान ठरलेले आहेत. आमच्यातल्या काहींना ताबूत मान्य नाहीत, तो मसलकचा विषय आहे, मी त्यात शिरत नाही. वास्तू म्हणून एवढंच दिसतं की कागदाची इमारत पिढ्यान्‌पिढ्या टिकली आणि दगडाची मशीद आमच्या एका पिढीत हरवली. कारण ताबुताचं तंत्र दरवर्षी कुणी ना कुणी कुणाला शिकवत होतं.

इंग्लंडच्या खेड्यात

मी इंग्लंडला गेलेलो नाही. पण तिथल्या खेड्यांबद्दल वाचताना एका गोष्टीचा हेवा वाटला. तिथे खेड्यातलं छोटं चर्च, धान्याचं कोठार, पाण्याचा पंप, जुनी टपालपेटीसुद्धा यादीत नोंदलेली असू शकते. इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत. आपल्या सबंध देशात केंद्राने संरक्षित केलेली स्मारकं सुमारे ३,७००. महाराष्ट्राचा स्वतःचा पुरातन वास्तूंचा कायदा १९६० पासून आहे, पण खेड्यातल्या तीन कमानींच्या मशिदीपर्यंत किंवा पडक्या वाड्यापर्यंत यादी सहसा पोचत नाही.

ही जाण त्यांनाही आपोआप आली नाही. एकोणिसाव्या शतकात तिथेही जीर्णोद्धाराची लाट आली होती. चर्चच्या भिंतींचा जुना गिलावा खरवडून सगळं नवं करत होते. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं म्हणणं थोडक्यात असं की मोठा जीर्णोद्धार नको, रोजची निगा ठेवा. पन्हळ साफ ठेवा, फुटलेलं कौल बदला, भेगेत चुना भरा. ही संस्था आजही आहे आणि आजही चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका असंच सांगते.

पुढे खेडोपाडी फिरून तिथल्या इमारतींची नोंद एका माणसाने केली, निकोलाउस पेव्हझ्नर. १९५१ ते १९७४ या काळात इंग्लंडच्या इमारतींवर ४६ खंड आले. हा माणूस इंग्रज नव्हता. जर्मनीतल्या ज्यू घरात जन्मलेला, हिटलर आल्यावर नोकरी गेली म्हणून इंग्लंडला आलेला. १९४० मध्ये शत्रुदेशाचा नागरिक म्हणून इंग्रजांनी त्याला काही महिने स्थानबद्धही केलं होतं. ज्याला परका म्हणून कोंडलं, त्यानेच पुढे त्यांना त्यांच्या गावांच्या भिंती वाचून दाखवल्या. आपण तर परके नाही, इथलेच आहोत. मग आपल्या गावाच्या भिंती वाचायला आपल्याला कुणी अडवलं आहे?

तिथली आणखी एक हकीकत मला धीर देते. सोळाव्या शतकात धर्म बदलाच्या धामधुमीत तिथल्या खेड्यांतल्या चर्चमधली जुनी भिंतीचित्रं चुना फासून झाकून टाकली. तीनशे-चारशे वर्षांनी चुन्याचे थर हलक्या हाताने काढले, तेव्हा अनेक ठिकाणी खालची चित्रं शाबूत निघाली. झाकलेलं सगळंच नष्ट होत नाही.

आता करायचं काय

मोठ्या गोष्टी आपल्या हातात नाहीत. लहान आहेत, त्या सांगतो. गावातल्या मशिदीत, दर्ग्यात, कबरस्तानात लेख असलेला एकही दगड दिसला तर आधी त्याचा फोटो काढा, तिरप्या उजेडात काढा, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. घासू नका, तासू नका, रंग देऊ नका. पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी लेखांची शाखा आपल्या नागपुरातच आहे, त्यांच्याकडे फोटो पाठवता येतो. वृद्ध माणसांना विचारून इमारतीबद्दल जे ठाऊक आहे ते जमातीच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा, सांगणाऱ्याचं वय आणि तारीख टाकून. दुरुस्ती काढली तर जुना भाग पाडण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो आणि मापं घ्या. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळत असेल तर त्याला दोन पैसे जास्त द्या आणि गावातला एक तरणा पोरगा त्याच्या हाताखाली ठेवा. हे सगळं देवळाला, समाजमंदिराला, चावडीला, वाड्यालाही तसंच लागू आहे. माझ्या वर्गातल्या मुलांनी आपापल्या गावांच्या मिळून चोवीस वास्तू अशा वहीत उतरवल्या. त्यात मशिदी आहेत, मारुतीची देवळं आहेत, एक पडका वाडा आणि एक बारव आहे. वही शाळेच्या कपाटात आहे.

आमच्या अर्जात मी शेवटी मशिदीचं साल लिहिलं नाही. उताऱ्यावर जी सर्वांत जुनी नोंद सापडली ती लिहिली आणि पुढे गेलो. खोटं साल लिहून मशीद जुनी होत नाही.

मागच्या महिन्यात जमातीच्या बैठकीत मी विषय काढला की मेहराबवरच्या चार टाइल्स काढून बघू या. दगड तिथेच आहे, गवंड्याने तो काढला नव्हता, हे मला पक्कं आठवतं. कुणीतरी म्हणालं, "सर, टाइल फुटली तर डिझाइन मॅच होणार नाही." चाचा म्हणाले, "टाइल दुसरी मिळंल. दगड कुठनं आणणार?" त्यावर कुणी बोललं नाही. बकरी ईद झाली की काम करायचं ठरलं आहे. या वेळी कॅमेरा घेऊन मी शिडीवर आधी चढणार आहे.